आधी वेळापत्रक दाखवा, मग विषय विचारा!

अ‍ॅडमिशन झालं, फी भरून झाली, आयकार्डासाठी फोटोही दिला. आता हातात उरलाय एकच फॉर्म, विषय निवडीचा. त्यावर मेजर, मायनर, ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशी अक्षरांची लांबलचक माळ आणि खाली सहीसाठी जागा. भरायला मुदत दोन-तीन दिवसांची. मग ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, ‘तू ओई कुठला घेतलास?’ पहिल्यानं जो टाकला, तोच बाकीचे सात जण टाकतात. झाला फॉर्म भरून!

तुम्ही यंदा एफवायला आला असाल आणि लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव किंवा त्याच्याही आत मावळातल्या एखाद्या गावातून कॉलेजला जाणार असाल, तर पुढचं जरा नीट वाचा. माझं म्हणणं सरळ आहे. कुठल्या विषयाचं लेक्चर कुठल्या वारी, किती वाजता हे न सांगता विषय निवडायला लावणं म्हणजे भाव न सांगता माल गळ्यात मारणं. विषयांची यादी आणि वेळापत्रक एकाच दिवशी हातात मिळायला हवं. ते आपण मागायला हवं. आणि मिळेपर्यंत आपलं गणित आपणच मांडायला हवं.

निवड आली, पण कशाची?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर झालं २९ जुलै २०२० ला. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांनी ते २०२३-२४ पासून लागू केलं आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बाकीच्या कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. आपल्या ताई-दादांच्या वेळी बीएला तीन-चार विषय घ्यायचे, एसवायला ‘स्पेशल’ ठरवायचा आणि मोकळं व्हायचं. कॉमर्सवाल्याला इतिहास शिकावासा वाटला तर त्यानं तो घरी वाचायचा. सायन्सच्या मुलीला अर्थशास्त्राची आवड असेल तर ती तिच्यापाशीच राहायची.

आता तसं नाही. एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट्स असतात. बीए, बीएस्सीच्या बऱ्याच अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर. बाकी क्रेडिट्स छोट्या पेपरांचे. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हा आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा. एसईसी म्हणजे कौशल्याचा पेपर, एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे पर्यावरण, लोकशाही, राज्यघटना यांसारखे विषय, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. शिवाय सीसी, म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक उपक्रम. हे आता नुसते ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ राहिले नाहीत, त्यांचेही क्रेडिट्स मिळतात.

धोरणाचा हा भाग मला मनापासून आवडतो. शेतकऱ्याच्या घरातल्या बीएच्या मुलीनं ओई म्हणून हिशेब शिकावा, बीएस्सीच्या मुलानं नाटक किंवा इतिहास शिकावा, यापेक्षा चांगलं काय? पण फॉर्मवर दहा पर्याय छापले म्हणजे निवड आली असं होत नाही. त्या दहातल्या किती विषयांच्या लेक्चरला मी खरोखर बसू शकेन, ते कळलं तर निवड. आणि ते सांगणारा कागद फॉर्मसोबत येतो का? बहुतेक वेळा टाइमटेबल लागतं ते विषय ठरून गेल्यावर, नोटीस बोर्डावर.

क्रेडिट म्हणजे तास, तास म्हणजे आयुष्य

क्रेडिट या शब्दाला घाबरायचं कारण नाही. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांची, म्हणजे आठवड्याला एक तास. प्रॅक्टिकलला मात्र एका क्रेडिटमागे ३० तास, म्हणजे आठवड्याला दोन तास.

आता मांडा. सगळे पेपर थिअरीचे असलेल्या बीएच्या विद्यार्थ्याला २२ क्रेडिट्स म्हणजे आठवड्याला २२ तास वर्गात. बीएस्सीला तीन विषय आणि प्रत्येकात दोन क्रेडिट्स थिअरी, दोन प्रॅक्टिकल असं धरलं तर सहा क्रेडिट्स प्रॅक्टिकलचे झाले. त्यांचे १२ तास आणि उरलेल्या १६ क्रेडिट्सचे १६ तास, एकूण २८. गुणपत्रिकेवर दोघांचेही क्रेडिट्स २२ च, पण आठवड्यात सहा तासांचा फरक. हा फरक अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर कुणी समजावून सांगत नाही.

आता यात प्रवास मिळवा. लोणावळ्याहून रोज शिवाजीनगरला जाणारी मुलगी घ्या. लोकलला एका बाजूनं साधारण सव्वा तास. दोन्ही बाजूंचे मिळून अडीच. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून कॉलेज, गाडीची वाट पाहणं, हे सगळं मिळून दिवसाचा आणखी एक तास तर जातोच. झाले साडेतीन तास. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २१ तास. ही मुलगी २२ क्रेडिट्सचा अभ्यासक्रम करतेय आणि जवळपास तेवढाच प्रवासाचा. फक्त दुसऱ्याचे गुण कुणी देत नाही.

मावळाचं घड्याळ वेगळं चालतं

पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावतेय. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली या स्टेशनांवर सकाळी पाठीला सॅक अडकवून उभी असलेली पोरं बघितली की या गाडीनं किती घरांत पहिला पदवीधर दिला असेल, असं वाटतं. पण ही लोकल मुंबईसारखी दर चार मिनिटांनी येत नाही. सकाळी-संध्याकाळी गाड्या बऱ्या, दुपारी मात्र त्या विरळ होतात. इथले प्रवासी वर्षानुवर्षं दुपारच्या जास्त गाड्या मागत आलेत. म्हणजे तुमचं लेक्चर पंधरा मिनिटं उशिरा संपलं, तर घरी पोचायला पंधरा मिनिटं नाही, एक अख्खी गाडी उशीर होतो. दुपारी ती गाडी चुकली की पुढची कधी, ते मोबाइलवर बघायचं आणि वडापाव घेऊन प्लॅटफॉर्मवर बसायचं.

आणि स्टेशन म्हणजे घर नव्हे. आंदर मावळातला मुलगा कान्हे स्टेशनला उतरतो आणि मग टाकव्याकडे जायची एसटी किंवा जीप बघतो. नाणे मावळ आणि पवन मावळातली मुलं कामशेतला उतरतात आणि तिथून आत जातात. संध्याकाळची शेवटची गाडी सुटली की दुचाकीवाल्या ओळखीच्याला फोन. मुलींच्या बाबतीत तर ‘अंधार पडायच्या आत घरी’ हा नियम कॉलेजच्या कुठल्याही नियमापेक्षा कडक असतो. तो बरोबर की चूक, हा वाद वेगळा आणि तो घालायलाच हवा. पण पहिल्या सेमिस्टरमध्ये तो नियम आहे, हे धरूनच तिला चालावं लागतं. पाच वाजता संपणारा एक ओई तिची कॉलेजची तीन वर्षं धोक्यात आणू शकतो. घरच्यांना विषयाचं नाव कळत नाही, उशीर कळतो.

जे लोणावळ्यात किंवा तळेगावातच शिकतात, त्यांचं सोपं असेल असं वाटतं. पण त्यांचंही एक गणित आहे. पहिली सेमिस्टर जुलैपासून दिवाळीच्या आगेमागे जाते. जुलै म्हणजे भात लावणी. शेतात चिखलणी सुरू, घरात माणसं कमी आणि कॉलेजात नेमकी विषय निवडीची मुदत. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापणी आणि झोडणी, कॉलेजात नेमके सबमिशन आणि परीक्षेचे दिवस. ज्या इंद्रायणी तांदळाचा आपल्याला अभिमान, ज्याचं वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालं, तो काढायला हात लागतात आणि ते हात बऱ्याच घरांत एफवाय, एसवायला असतात.

शनिवार-रविवारचं तर विचारूच नका. पाऊस लागला की भुशी डॅम, लोहगड, कार्ला, भाजे सगळीकडे गर्दी. जुन्या हायवेवर गाड्यांची रांग. बाहेरच्यांसाठी तो वीकेंड, आपल्यातल्या कित्येकांसाठी कमाईचे दोन दिवस. कुणी हॉटेलात, कुणी चिक्कीच्या दुकानात, कुणी कणसाच्या गाडीवर. त्या दोन दिवसांत वर्षभराच्या पासचे, पुस्तकांचे पैसे निघतात. अशा मुलाला शनिवारी दुपारचं प्रॅक्टिकल आलं, तर त्याच्यासमोर दोनच वाटा. हजेरी सोडायची की मजुरी. त्याला हे जूनमध्येच कळलं असतं तर कदाचित त्यानं दुसरा विषय घेतला असता, कदाचित तोच घेऊन कामाचे वार बदलले असते. निर्णय त्याचा झाला असता. न सांगितल्यामुळे तो परिस्थितीचा होतो.

कॉलेजची बाजूही ऐका

या मागणीवर कॉलेजातले लोक जे म्हणतात, ते उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, कुठल्या विषयाला किती मुलं येणार हे कळल्याशिवाय टाइमटेबल लावायचं कसं? एका विषयाला १२० आले तर दोन तुकड्या, सहाच आले तर विषय बंद. खोल्या मोजक्या, कित्येक शिक्षक तासिका तत्त्वावर, तेच सर सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या. शिवाय अ‍ॅडमिशनच्या फेऱ्या लांबतात. सगळं खरं आहे. वेळापत्रक लावणाऱ्या सर-मॅडमना तो कागद जुळवताना किती पेन्सिली झिजवाव्या लागतात, हे कुठल्याही स्टाफरूममध्ये डोकावलं तरी दिसेल.

पण यावर उपाय नाही असं मात्र नाही. पवईच्या आयआयटीत कोर्सना ठरलेले ‘स्लॉट’ असतात. अमुक स्लॉट म्हणजे आठवड्यातल्या अमुक वेळा, हे आधीच ठरलेलं. कोर्स कुठल्या स्लॉटमध्ये आहे हे नोंदणीच्या वेळी दिसतं, म्हणून दोन कोर्स एकमेकांवर आदळतात का, हे विद्यार्थ्याला आधीच कळतं. अमेरिकेत हार्वर्ड, येलसारख्या विद्यापीठांत तर अनेक वर्षं अशी पद्धत होती, की सेमिस्टरच्या सुरुवातीला वेगवेगळ्या वर्गांत बसून बघायचं आणि मगच कोर्स पक्का करायचा. त्याला ते ‘शॉपिंग’ म्हणत. आपल्याकडे त्यांच्याएवढे पैसे नाहीत, मान्य. पण स्लॉट ठरवायला पैसे लागत नाहीत.

सगळ्या शाखांचे ओई एकाच ठरलेल्या वेळी ठेवले, तर कॉमर्सचा मुलगा आर्ट्सच्या वर्गात बसू शकतो. विषय कुठला चालेल, कुठला बंद पडेल हे नंतर ठरू द्या, वेळ मात्र बदलणार नाही, एवढं वचन पुरे. ही वेळ सकाळच्या लोकलनंतर आणि दुपारच्या लोकलआधी धरली, तर मावळातली निम्मी अडचण मिटेल. बाकीच्या पेपरांचं अख्खं वेळापत्रक जमत नसेल, तर निदान एवढं छापा: पहिलं लेक्चर किती वाजता, शेवटचं किती वाजता संपणार आणि प्रॅक्टिकल कुठल्या वारी. तीन ओळी. फॉर्मच्या मागच्या बाजूला सहज मावतील.

तोपर्यंत आपण काय करायचं?

कॉलेज बदलेपर्यंत आपली सेमिस्टर थांबणार नाही. म्हणून फॉर्मवर सही करायच्या आधी एक वहीचं पान घ्या. आडवे सहा वार, उभे सकाळी सहा ते रात्री दहाचे तास. त्यात सगळ्यात आधी कॉलेज भरू नका. आधी भरा तुमची गाडी. जाताना कुठली लोकल, येताना कुठली, गावाकडे जाणारी शेवटची एसटी कधी. मग घरचं काम किंवा नोकरी. मग झोप, हो, झोपही लिहायची. आता जी मोकळी जागा उरेल, त्यात २२ किंवा २८ तास बसतात का बघा. आणि वर्गातल्या प्रत्येक तासामागे घरी निदान अर्धा तास वाचन धरा. पान काळंकुट्ट झालं असेल तर घाबरू नका. ते आत्ता काळं झालेलं बरं. सप्टेंबरमध्ये कळलं तर उशीर झालेला असतो.

हे पान घेऊन डिपार्टमेंटमध्ये जा. सरांना, मॅडमना सरळ विचारा. हा पेपर गेल्या वर्षी कुठल्या वेळी होता? मुलं कमी आली तर हा ओई बंद पडतो का, आणि पडला तर आम्हाला कुठे टाकता? विषय बदलायची शेवटची तारीख कोणती? अंतर्गत गुण कशावर, चाचणीवर की प्रोजेक्टवर? हजेरी किती लागते? ‘७५ टक्के’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं, पण खरं विचारायचं ते हे, की लोकल रद्द झाली त्या दिवसाचं काय करता. असे प्रश्न विचारले की सर रागावतील, असं वाटतं. उलट होतं. बहुतेक शिक्षकांना फॉर्म भरायच्या आधी विचारणारा विद्यार्थी बघून बरंच वाटतं, कारण नंतर अर्ज घेऊन रडत येणारे त्यांना रोज भेटतात.

आणि एसवायच्या एखाद्या ताईला गाठा. तुमच्याच लोकलनं येणारी असेल तर फारच छान. माहितीपत्रकात जे नसतं ते तिला ठाऊक असतं. कुठलं लेक्चर खरंच होतं आणि कुठलं ‘ऑफ’ जातं, कुठल्या पेपरच्या नोट्स लायब्ररीत मिळतात, कुठल्या दिवशी तीन तास मधे रिकामे जातात. गाडीत उभं राहून अर्ध्या तासात ती तुम्हाला सगळं सांगेल.

सोपा विषय कुणासाठी सोपा?

पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय निवडताना एक लक्षात ठेवा. त्यातलाच एक पुढे मेजर होणार. म्हणजे आज ‘तिसरा कुठलाही टाक’ म्हणून टाकलेला विषय उद्याच्या दोन पर्यायांतला एक असू शकतो. दुसऱ्या वर्षी ज्याच्या वर्गात रोज बसायची तयारी नाही, असा विषय तिसरा म्हणूनही घेऊ नका.

ओईचं मात्र उलटं. तिथे थोडं धाडस करा. ‘स्कोअरिंग आहे’ म्हणून घेतलेला दोन क्रेडिट्सचा पेपर विसरायला पेपर संपल्यावर दोन दिवस पुरतात. त्याऐवजी असं बघा, की तुम्ही जिथे राहता तिथे ज्याचा उपयोग होईल असं काय आहे? कार्ल्याच्या लेण्यात ब्राह्मीतले लेख कोरलेले आहेत आणि आपण तिथे लहानपणापासून फक्त एकवीरेला जाताना थांबतो. इतिहासाचा ओई घेतलेल्या कॉमर्सच्या मुलाला तेच लेणं दुसरं दिसेल. लोणावळ्यात कैवल्यधाम १९२४ पासून योगावर काम करतंय, जगभरातून माणसं तिथे शिकायला येतात. आयकेएसमध्ये योगाचा पेपर आला तर तो पाठ करायचा की शेजारी जाऊन समजून घ्यायचा? पर्यटनाचा, हिशेबाचा, बोली इंग्रजीचा पेपर असेल, तर वीकेंडला हॉटेलात काम करणाऱ्या मुलासाठी त्याचा सराव तिथेच होतो. पवना धरणाकाठच्या गावातल्या मुलीला भूगोल हा विषय दाराबाहेरच दिसतो. पुण्यातल्या मुलांना जे बघायला सहल काढावी लागते, ते आपल्याला कॉलेजच्या वाटेवर मिळतं. एवढा तरी फायदा घेऊया की!

सीसीमध्येही तसंच. एनएसएसची शिबिरं, एनसीसीची परेड यांच्या वेळा आधी विचारा. सकाळी सहाची परेड पुण्यातल्या मुलाला जड, तळेगावच्या पुढून येणाऱ्याला अशक्य. योग, खेळ किंवा सांस्कृतिक यातलं तुमच्या गाडीच्या वेळेत बसणारं काही आहे का ते बघा. त्यात कमीपणा काही नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा एबीसी आयडी डिजिलॉकरवरून काढून ठेवा आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते बघा. तुमचे क्रेडिट्स तिथेच जमा होतात आणि मधे शिक्षण थांबलं तरी ठरावीक काळ, जास्तीत जास्त सात वर्षं, टिकतात. शेतीमुळे, पैशांमुळे, लग्नामुळे ज्यांचं शिक्षण तुटतं त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. दोन, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर ऑनलाइन कोर्स असतात आणि यूजीसीच्या नियमानुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात. पण त्यासाठी आपल्या कॉलेजची परवानगी लागते, म्हणून आधी विचारा. लांबून येणाऱ्यांसाठी दोन क्रेडिट्स घरी बसून झाले, तर आठवड्यातली एखादी दुपार वाचते. मात्र त्यांची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

पैशांची अडचण असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना तुमच्या कॉलेजात चालते का, ते विद्यार्थी विकास विभागात विचारा. काम कॉलेजातच असेल तर त्याची वेळ लेक्चरशी जुळवता येते, हॉटेलच्या मालकाला ते सांगता येत नाही.

मागितल्याशिवाय मिळत नाही

हे सगळं करूनही मूळ प्रश्न उरतोच. एकेकट्यानं वहीचं पान भरून आपापली वाट काढायची आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांनी पुन्हा तेच करायचं, हे किती दिवस? ज्याच्या घरी आधी कुणी कॉलेजला गेलंय, ज्याची ताई एसवायला आहे, तो निभावून नेईल. ज्या घरातला पहिलाच मुलगा कॉलेजची पायरी चढतोय, त्याला कुणाला विचारायचं हेही माहीत नसतं. नव्या धोरणाची सगळ्यात जास्त गरज त्याला आणि सगळ्यात कमी माहितीही त्यालाच. निवडीचं स्वातंत्र्य असं वाटलं गेलं, तर ते माहितीवाल्यांचंच स्वातंत्र्य राहतं.

म्हणून एक काम करूया. तुमच्या लोकलनं येणारे दहा-पंधरा जण मिळून प्राचार्यांना एक साधा अर्ज द्या. तक्रार म्हणून नको, विनंती म्हणून. ‘पुढच्या सेमिस्टरचा विषय निवडीचा फॉर्म देताना त्यासोबत ओईची वेळ, पहिल्या आणि शेवटच्या लेक्चरची वेळ आणि प्रॅक्टिकलचे वार द्यावेत.’ खाली सह्या आणि प्रत्येकाच्या सहीपुढे तो कुठल्या गावाहून येतो आणि किती वाजता घरातून निघतो, एवढंच. पन्नास सह्यांसमोर पन्नास गावं आणि पहाटेच्या वेळा दिसल्या की त्या कागदाला वेगळं वजन येतं. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते आणि तिच्यात विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्ष, सचिवांनाही जागा आहे. तुमच्याकडे परिषद असेल, तर हा विषय तिथे मांडायला सांगा. नसेल, तर ती का नाही, हेही विचारा.

दुसरी सेमिस्टर फार लांब नाही. डिसेंबर-जानेवारीत पुन्हा फॉर्म येईल, पुन्हा ग्रुपवर ‘कुठला घेतलास?’ सुरू होईल. त्याच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच अर्ज गेला पाहिजे. नंतर परीक्षा आहेत, भात आहे, कुणाला वेळ?

तेव्हा उद्या सकाळी लोकलमध्ये चढलात की शेजारच्याला ओई कुठला ते विचारू नका. ‘तुझं शेवटचं लेक्चर किती वाजता सुटतं आणि तुला घरी जायला गाडी मिळते का?’ असं विचारा. पंधरा दिवसांत तुमच्याकडे सह्या करणारे पन्नास जण असतील.